साखर आणि कृत्रिम गोडद्रव्ये : कोणी, केव्हा आणि किती?

(ऊस उत्पादक शेतकरी मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून या मांडवात ऊस लागवड, खोडवा व्यवस्थापन, ठिबक सिंचन आणि हुमणी नियंत्रण यांवर आपण तज्ज्ञांची भाषणे ऐकली. माझा विषय थोडा वेगळा आहे. शेतात तयार झालेली गोडी साखर होऊन आपल्याच घरात परत येते, तेव्हा ती कोणी खावी, किती खावी आणि तिच्याऐवजी बाजारात मिळणारी गोळी किंवा भुकटी वापरावी का, याविषयी मी बोलणार आहे.

हा विषय मी मुद्दाम घेतला, त्याला कारण घडले. मागच्या एका मेळाव्यात एक वयस्कर ऊस उत्पादक माझ्याजवळ आले. म्हणाले, "साहेब, चाळीस वर्षे कारखान्याला ऊस घालतोय. आता डॉक्टरांनी साखर बंद केली. सून चहात गोळी टाकून देते. म्हणजे आम्ही घाम गाळून पिकवलं ते विष, आणि औषधाच्या दुकानातली गोळी ते अमृत, असं समजायचं का?"

मी त्यांना तेव्हा जे उत्तर दिले तेच आज विस्ताराने सांगतो. साखर विष नाही आणि गोळी अमृत नाही. पिकाला खत देताना आपण काय विचारतो? कोणत्या पिकाला, कोणत्या वेळी आणि किती. गोडाच्या बाबतीतही हेच तीन प्रश्न विचारावेत.

साखर शरीरात काय करते?

आपण जिला साखर म्हणतो तिला शास्त्रात सुक्रोज म्हणतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांच्या जोडणीतून सुक्रोज बनते. पोटात गेल्यावर ही जोडी सुटते आणि ग्लुकोज लवकर रक्तात उतरते. एक ग्रॅम साखरेपासून सुमारे 4 उष्मांक मिळतात. चहाचा एक चमचा साखर म्हणजे साधारण 5 ग्रॅम, म्हणजेच 20 उष्मांक. साखरेत ऊर्जेखेरीज दुसरे पोषण नसते. प्रथिने, जीवनसत्त्वे, खनिजे तिच्यातून मिळत नाहीत.

आता घरातला हिशेब करू. एखादा माणूस दिवसातून पाच कप चहा घेतो आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असते. म्हणजे दिवसाला 10 चमचे, 50 ग्रॅम साखर आणि 200 उष्मांक. वर्षाचा हिशेब केला तर नुसत्या चहातून सव्वाअठरा किलो साखर पोटात जाते. सणावाराचे गोडधोड, बिस्किटे आणि बाटलीतील शीतपेये यांत धरलेलीच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले की, वरून घातलेली साखर, मध, फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी. 5 टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगले. दिवसाला 2000 उष्मांक घेणाऱ्याच्या बाबतीत 10 टक्के म्हणजे 50 ग्रॅम आणि 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. याचा अर्थ, पाच कप चहातच वरची मर्यादा भरून जाते.

कोणी म्हणेल, आमचे वाडवडील तर गूळ-साखर भरपूर खात होते. खरे आहे. पण ते दिवसभर बैलांच्या मागे चालत, मोट हाकत, पायी बाजाराला जात. खाल्लेली ऊर्जा संध्याकाळपर्यंत खर्ची पडत असे. आज नांगरट ट्रॅक्टरने होते, पाणी बटण दाबून सुरू होते आणि बांधावर जायला मोटारसायकल असते. आवक तेवढीच राहिली आणि खर्च कमी झाला, तर शिल्लक साठणारच. शरीरात ती चरबीच्या रूपाने साठते. वाढलेले वजन, आनुवंशिकता आणि श्रमाचा अभाव यांतून मधुमेह बळावतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. हा आता केवळ शहरातील शेठजींचा आजार राहिलेला नाही.

कृत्रिम गोडद्रव्ये कोणती?

जिभेला गोड लागणारी परंतु शरीराला ऊर्जा न देणारी किंवा नाममात्र देणारी द्रव्ये म्हणजे कृत्रिम गोडद्रव्ये. ती साखरेच्या शेकडो पट गोड असतात, त्यामुळे अगदी कणभर पुरतात. त्यांतील प्रमुख अशी :

सॅक्रीन : हे सर्वांत जुने. 1879 साली अमेरिकेत फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला हाताला लागलेल्या रसायनाची गोडी जेवताना कळली आणि सॅक्रीनचा शोध लागला. ते साखरेच्या सुमारे 300 ते 400 पट गोड असते. उष्णतेने बिघडत नाही, पण मागाहून जिभेवर कडवट चव राहते.

ॲस्पार्टेम : 1965 साली अमेरिकेत सापडले. साखरेच्या सुमारे 200 पट गोड. प्रथिनांचे घटक असलेल्या दोन अमिनो आम्लांपासून ते बनते. जास्त वेळ उकळल्यास त्याचे विघटन होऊन गोडी जाते. म्हणून खिरीत किंवा उकळत्या चहात न घालता, भांडे खाली उतरवल्यावर घालावे.

ॲसेसल्फेम-के : 1967 साली जर्मनीत सापडले. हेही सुमारे 200 पट गोड. बहुधा इतर गोडद्रव्यांत मिसळून वापरतात.

सुक्रालोज : याची हकीकत आपल्याला जवळची वाटेल अशी आहे. 1976 साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे भारतीय संशोधक काम करीत होते. साखरेच्या रेणूत क्लोरीन बसवून तयार केलेले पदार्थ तपासण्याचे ते काम होते. "टेस्ट कर", म्हणजे तपास, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ऐकले "टेस्ट" म्हणजे चव घे, आणि चिमूटभर जिभेवर ठेवले. ते विलक्षण गोड लागले. साखरेच्या सुमारे 600 पट गोड असलेले हे सुक्रालोज साखरेपासूनच तयार होते. चहात उकळले तरी त्याची गोडी टिकते. मात्र 120 अंश सेल्सिअसच्या वर तापवणे, म्हणजे तळणे किंवा भट्टीत भाजणे टाळावे, असा सल्ला जर्मनीतील तज्ज्ञ संस्थेने 2019 साली दिला आहे.

स्टीव्हिया : हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे भागातील झुडूप. काही लोक त्याला गोड तुळस म्हणतात. पानांतून शुद्ध करून काढलेला गोड अर्क साखरेच्या 200 ते 300 पट गोड असतो. हे वनस्पतिजन्य असले, तरी काम इतर गोडद्रव्यांसारखेच करते. भारतात या शुद्ध अर्काच्या वापरास 2015 साली परवानगी मिळाली.

गोळीने कर्करोग होतो का?

हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. सॅक्रीन फार मोठ्या प्रमाणात खाऊ घातलेल्या उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचे 1970 च्या दशकात आढळले आणि अमेरिकेत त्याच्या पाकिटांवर इशारा छापणे सक्तीचे झाले. पुढे असे दिसून आले की, उंदराच्या शरीरात ज्या प्रक्रियेने हा रोग होतो ती माणसाला लागू पडत नाही. 2000 साली तो इशारा काढून टाकण्यात आला.

ॲस्पार्टेमच्या बाबतीत जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला "कदाचित कर्करोगकारक" या गटात टाकले. या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, ठाम नाही, असा होतो. त्याच वेळी अन्नातील मिश्रकांची सुरक्षितता पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने जुनी मर्यादा कायम ठेवली. ती शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 40 मिलिग्रॅम अशी आहे. म्हणजे 60 किलो वजनाच्या माणसाला 2400 मिलिग्रॅम. चहाच्या एका गोळीत साधारण 18 ते 20 मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असते, म्हणजे शंभराहून अधिक गोळ्या झाल्या. दिवसाला चार-सहा गोळ्या घेणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. फेनिलकीटोनुरिया नावाचा एक दुर्मिळ जन्मजात विकार आहे. तो असलेल्यांना ॲस्पार्टेम मुळीच चालत नाही. तसा इशारा पाकिटावर छापलेला असतो.

मग सर्वांनीच गोळी घ्यावी का?

नाही. आणि येथेच बहुतेकांची चूक होते. मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशी शिफारस केली की, वजन कमी करण्यासाठी किंवा असे आजार टाळण्यासाठी या गोडद्रव्यांचा आधार घेऊ नये. त्यात स्टीव्हियाही आले. दीर्घकाळच्या पाहणीत त्यांचा फायदा दिसला नाही. उलट वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकार यांचे प्रमाण काहीसे अधिक दिसले. ते गोळीमुळेच वाढले की मुळातच वजन जास्त असणारे लोक गोळीकडे वळतात म्हणून तसे दिसले, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही शिफारस लागू नाही, असेही संघटनेने स्पष्ट केले आहे.

तेव्हा मधुमेह असलेल्या माणसाला चहा गोडच लागत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन गोळ्या जरूर घ्याव्यात. त्या रक्तातील साखर वाढवीत नाहीत आणि दातही किडवीत नाहीत. पण गोळी हे औषध नव्हे. तिने मधुमेह बरा होत नाही. चहात गोळी टाकली म्हणून जेवणात दोन भाकऱ्या आणि वाडगाभर भात जास्त खाल्ला, तर केलेले सारे वाया जाते. भाकरी, भात, साबुदाणा, बटाटा यांचेही शेवटी ग्लुकोजच होते. "साखरमुक्त" असे छापलेल्या बिस्किटातही मैदा आणि तूप असतेच.

निरोगी माणसाला गोळीची गरज नाही. त्याने जिभेची सवय बदलावी. दोन चमच्यांवरून दीड, काही आठवड्यांनी एक आणि मग अर्धा चमचा. जीभ दोन-तीन महिन्यांत सरावते. गोळीने मात्र गोडाची ओढ तशीच राहते.

गुळाचा गैरसमज

"साखर सोडली, आता गूळ खातो", असे सांगणारे पुष्कळ भेटतात. गुळात साखरेपेक्षा लोह व इतर खनिजे थोडी असतात, हे बरोबर आहे. परंतु त्याचा मोठा भाग सुक्रोजच असतो. 100 ग्रॅम गुळातून साधारण 380 उष्मांक मिळतात, म्हणजे साखरेपेक्षा थोडेसेच कमी. रक्तातील साखर गुळानेही वाढते. खडीसाखर तर साखरच आहे, फक्त खडे मोठे. मधही यातून सुटत नाही. मधुमेही माणसाने साखरेऐवजी गूळ घेणे म्हणजे एका खिशातले दुसऱ्या खिशात घालणे होय.

जेथे गोळी चालत नाही, साखरच लागते

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. हे घरातील सर्वांनी ऐकावे, विशेषतः भगिनींनी.

माझे थोरले बंधू गावी शेती करतात. मधुमेहासाठी ते इन्सुलिन घेतात. एका हिवाळ्यात रात्रपाळीची वीज होती. संध्याकाळी त्यांनी इन्सुलिन घेतले, आणि "आधी उसाला पाणी लावतो, मग जेवतो" म्हणून घाईने शेतावर गेले. दोन तास दारे मोडण्यात गेले. मग त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, बोलणे असंबद्ध होऊ लागले. बरोबरच्या गड्याने झोपडीत चहा केला. मालकांना साखर वर्ज्य आहे हे त्याला माहीत होते, म्हणून त्यांच्याच खिशातील डबीतल्या दोन गोळ्या त्याने प्रामाणिकपणे चहात टाकल्या. चहा गोड लागला, पण उतार पडेना. सुदैवाने शेजारच्या मळ्यातील शेतकरी बॅटरी घेऊन आला. त्याच्या डब्यात गुळाचा खडा होता. तो खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत बंधू भानावर आले.

त्या रात्री रक्तातील साखर खाली गेली होती. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणारा माणूस वेळेवर जेवला नाही अथवा नेहमीपेक्षा जास्त कष्ट केले, तर असे होऊ शकते. अशा वेळी जीव वाचवते ती खरी साखर. कृत्रिम गोडद्रव्यात ग्लुकोज नाही, म्हणून ते येथे निरुपयोगी आहे. तीन चमचे, म्हणजे 15 ग्रॅम साखर पाण्यात ढवळून लगेच द्यावी किंवा गूळ द्यावा. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढेच द्यावे, आणि नंतर जेवण द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

तेव्हापासून बंधूंच्या एका खिशात गोळ्यांची डबी असते आणि दुसऱ्या खिशात साखरेची पुडी. गड्यालाही दोन्हींतला फरक समजावून दिला आहे. आपल्या घरात मधुमेही असेल, तर आजच ही पुडी बांधून द्या.

दुसरा प्रसंग जुलाबाचा. जुलाब-उलट्या होत असताना आपण मीठ-साखरेचे पाणी देतो. त्यात साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या अस्तरातून मीठ रक्तात जाण्यासाठी ग्लुकोजची सोबत लागते आणि त्यांच्यामागून पाणी शोषले जाते. साखरेऐवजी गोळी घातली तर हे काम होत नाही. प्रमाण असे : उकळून गार केलेले एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. जलसंजीवनीचे पाकीट मिळाल्यास ते अधिक चांगले. मधुमेही रुग्णाला जुलाब झाले तर पाणी देणे थांबवू नका, मात्र डॉक्टरांना लवकर दाखवा.

तिसरे काम टिकवण्याचे. मोरावळा, साखरांबा, जॅम वर्षभर टिकतात ते साखरेमुळे. जॅममध्ये विद्राव्य घटकांचे प्रमाण 65 ते 68 टक्क्यांपर्यंत नेले जाते. एवढी साखर पाण्याला धरून ठेवते आणि बुरशी-यीस्टला वाढायला पाणी उरत नाही. महिला बचत गटांनी "मधुमेहींसाठी साखरांबा" म्हणून नुसते गोडद्रव्य घालून बरण्या भरल्या, तर थोड्याच दिवसांत बुरशी येईल. असा पदार्थ करायचाच असेल तर थोडा करावा, शीतकपाटात ठेवावा व लवकर संपवावा. विक्रीसाठी करण्यापूर्वी अन्नतंत्र विभागाचा सल्ला घ्यावा.

मुलांना जपा

जत्रेतला बर्फाचा गोळा, सुट्या कांड्या, रंगीत सरबते यांत साखर महाग पडते म्हणून काही विक्रेते सॅक्रीन वापरतात. सॅक्रीन ठरावीक पदार्थांत, ठरावीक मर्यादेत आणि वेष्टनावर उल्लेख करूनच वापरता येते. सुट्या मालाला वेष्टनच नसते, मग प्रमाण कोण पाहणार? आंतरराष्ट्रीय समितीने सॅक्रीनची मर्यादा दर किलो वजनामागे 5 मिलिग्रॅम ठेवली होती. 15 किलोच्या मुलाला ती 75 मिलिग्रॅम होते. चिमूट थोडी मोठी पडली की ही मर्यादा ओलांडते. खाल्ल्यावर घशाशी बराच वेळ कडवटपणा राहिला, तर सॅक्रीन असल्याची शंका घ्यावी. गोडद्रव्यांच्या पुष्कळ पाकिटांवर लहान मुलांसाठी शिफारस नसल्याचे छापलेले असते, ते वाचावे. मुलांना केळी, पेरू, बोरे द्या. हंगामात उसाचे कांडे दाताने सोलून खाऊ द्या, पण नंतर चूळ भरायला लावा.

उसाचे काय होणार?

शेवटी त्या शेतकऱ्याच्या मनातली खरी भीती. लोक गोळ्या खाऊ लागले तर आपल्या उसाला कोण विचारणार? साखरेचा वापर करणाऱ्या देशांत भारत जगात पहिला आहे. देशात खपणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक साखर शीतपेये, मिठाई, बिस्किटे अशा उद्योगांत जाते. मधुमेही लोकांच्या चहातली साखर कमी झाल्याने ऊस पडून राहणार नाही. शिवाय आता ऊस केवळ साखरेसाठी राहिलेला नाही. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने 2025 साली गाठले. त्यात उसाचा रस आणि मळी यांचाही वाटा आहे. तेव्हा आपला ऊस खपावा म्हणून आपण जास्त साखर खाल्ली पाहिजे, असे काही नाही.

उसाऐवजी स्टीव्हिया लावावी का, असेही तरुण शेतकरी विचारतात. हे पीक नवे आहे, त्याची वाळलेली पाने गावच्या बाजारात विकली जात नाहीत. अर्क काढणारा कारखाना माल घेणार असेल तरच त्याला किंमत. म्हणून रोपे विकणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका. खरेदीचा दर, प्रत आणि मुदत यांचा लेखी करार हाती आल्याशिवाय लागवड करू नका आणि सुरुवात दोन-चार गुंठ्यांपासून करा.

थोडक्यात लक्षात ठेवा

1. निरोगी माणसाने साखर कमी करावी, गोळीची सवय लावू नये.
2. मधुमेही माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने मोजकी गोळी वापरावी, पण आहार, चालणे आणि औषध चुकवू नये.
3. गूळ, मध, खडीसाखर हे मधुमेहात साखरेला पर्याय नाहीत.
4. इन्सुलिन किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने शेतावर जाताना साखरेची पुडी खिशात ठेवावी, उपाशी पाणी धरायला जाऊ नये.
5. जुलाबात मीठ-साखरेचे पाणी खऱ्या साखरेचेच द्यावे.
6. मुलांना गोडद्रव्ये आणि सुटी रंगीत पेये देऊ नयेत.

त्या वयस्कर शेतकऱ्याला मी शेवटी म्हणालो, "काका, सुनेने चहात टाकलेली गोळी आनंदाने घ्या, ती तुमच्या भल्यासाठी आहे. पण तुम्ही पिकवलेली साखर घरातून हद्दपार करू नका. एक पुडी खिशात ठेवा. एखाद्या दिवशी तीच उपयोगी पडेल." ते हसले आणि म्हणाले, "हे पटलं." आपल्यालाही पटले असेल, तर घरी गेल्यावर आज रात्रीच्या जेवणाआधी आपल्या माणसांना हे सांगा.